अन्नावरून आलेले इंग्रजी वाक्प्रचार : अर्थ कसा शोधावा?

एकदा वर्गात 'द टेस्ट वॉज अ पीस ऑफ केक' हे वाक्य आले. एका गुणी विद्यार्थ्याने लिहिले, 'परीक्षा हा केकचा तुकडा होता.' वर्ग हसला आणि त्या मुलाने पुढे आठवडाभर इंग्रजीच्या तासाला तोंड उघडले नाही. वस्तुतः प्रत्येक शब्दाचा अर्थ त्याने अचूक दिला होता. वाक्प्रचाराचा अर्थ शब्दांच्या बेरजेतून निघत नाही, एवढेच त्याला कोणी सांगितले नव्हते. 'हातचा मळ' याचे शब्दशः इंग्रजी केले, तर इंग्रज मनुष्यही असाच गोंधळेल. अर्थ मात्र दोहोंचा एकच : अगदी सोपे काम.

अन्नावरून आलेले इंग्रजी वाक्प्रचार अभ्यासासाठी तीन गटांत मांडता येतात.

पहिला गट मराठीत सहज जोडी सापडणाऱ्यांचा. 'बटर अप' म्हणजे लोणी लावणे, खुशामत करणे. 'सेल लाइक हॉट केक्स' म्हणजे हातोहात खपणे. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणे. 'ब्रेड अँड बटर' म्हणजे पोटापाण्याचे साधन.

दुसऱ्या गटाला इतिहासाचा आधार लागतो. 'ईट हंबल पाय' म्हणजे चूक मान्य करून नमते घेणे. हरणाचे काळीज, आतडी इत्यादी भागांना जुन्या इंग्रजीत 'अंबल्स' म्हणत. त्यांच्या पदार्थाचे नाव आणि 'हंबल' म्हणजे नम्र हा शब्द, यांच्या उच्चारसाम्यातून हा प्रयोग रूढ झाला. 'विथ अ ग्रेन ऑफ सॉल्ट' म्हणजे ऐकलेली गोष्ट पूर्णतः खरी न मानता पारखून घेणे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने विषावरील एका उताऱ्याची कृती नोंदवली आहे. तीत शेवटी मिठाचा एक कण घालण्यास सांगितले आहे. या प्रयोगाचे मूळ सहसा तेथे दाखवले जाते.

तिसरा गट फसव्या साम्याचा. 'वर्थ वन्स सॉल्ट' हे वाचताच आपल्याला 'खाल्ल्या मिठाला जागणे' आठवते. परंतु आपला वाक्प्रचार मीठ देणाऱ्याशी राखलेल्या निष्ठेविषयी बोलतो, तर इंग्रजी प्रयोग काम करणाऱ्याच्या योग्यतेविषयी. एकात उपकाराची जाणीव आहे, दुसऱ्यात श्रमाचे मोल. 'सॅलरी' हा शब्दही मीठ या अर्थाच्या लॅटिन 'साल' शब्दापासून आला आहे. ज्यांच्या पूर्वजांकडून निष्ठा पिढ्यान्‌पिढ्या मागितली गेली, पण योग्यता कधी मोजली गेली नाही, त्यांच्या मुलांनी हा भेद विशेष ध्यानात ठेवावा.

अभ्यासाची रीत सोपी आहे. प्रथम संपूर्ण वाक्य वाचून प्रसंग ओळखावा. मग अर्थाचा अंदाज बांधून तो कोशात पडताळावा. त्यानंतर घरी विचारावे, 'अशा वेळी आपल्याकडे काय म्हणतात?' शेवटी स्वतःच्या जीवनातील प्रसंगावर एक वाक्य लिहावे. पालकांनी हे विसरू नये, की इंग्रजी न येणारी आईही या अभ्यासात गुरू होऊ शकते. म्हणींचे जे धन तिच्यापाशी आहे, ते कोणत्याही शिकवणीवर्गात मिळत नाही.

अखेरीस दोन शब्द पाहू. 'लॉर्ड' या शब्दाचे मूळ जुन्या इंग्रजीत 'भाकरीचा राखणदार' असे आहे. 'कम्पॅनियन' म्हणजे सोबती. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ 'सोबत भाकर खाणारा'. एक शब्द भाकर राखणाऱ्याचा, दुसरा वाटून खाणाऱ्याचा. वसतिगृहाच्या पंगतीत वर्षानुवर्षे एकत्र जेवलेल्या माजी विद्यार्थ्यांना दुसऱ्या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागणार नाही.