मालिश : हाताचे शास्त्र आणि मानाचा व्यवसाय

बारावीनंतर पुढे काय, हा प्रश्न दरवर्षी आपल्या घरोघरी विचारला जातो. डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, सरकारी नोकरी एवढीच नावे पुढे येतात. मालिशचे काम शिकावे, असे कोणी सुचविले तर वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. या कामात शिकण्यासारखे काय आहे आणि त्याला मान कसा मिळतो, याचा विचार आम्ही येथे मांडीत आहोत.

स्पर्श आणि जात

गावगाड्यात तेल चोळण्याचे काम न्हाव्याकडे आणि बाळ-बाळंतिणीचे अंग चोळण्याचे काम सुईणीकडे असे. काम उपयोगाचे, पण ते जातीला जखडलेले. म्हणून त्याला प्रतिष्ठा नव्हती. शिवाय हा हात सर्वांना लाभत नव्हता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. त्या काळी साताऱ्यात न्हावी होते, त्यांना द्यायला घरात पैसेही होते. परंतु एकही न्हावी या मुलांच्या डोक्याला हात लावीत नसे. केस कापण्याचे काम मोठी बहीणच करी आणि करता करता ती त्यात तरबेज झाली, असे बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. माणसाचा हात माणसाला लागणे किती मोलाचे असते, हे आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

तालीम आणि दवाखाना

आपल्या भागातील तालमींत मालिश हा मेहनतीचाच भाग मानतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. असे मल्ल ज्या मातीत घडले, तेथे जोर-बैठकांनंतर जोडीदाराचे अंग रगडण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

१८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्मींची संस्था स्थापन केली. तेथे मालिशच्या नावाखाली गैरप्रकार चालत, त्यामुळे प्रामाणिक काम करणाऱ्या स्त्रियांचीही बदनामी होत होती. या चौघींनी काम सोडले नाही. त्यांनी अभ्यासक्रम ठरविला, परीक्षा घेतल्या, वागणुकीचे नियम केले. त्याच संस्थेतून पुढे ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांची अधिकृत संघटना उभी राहिली. बदनाम झालेले काम शिक्षणाने आणि शिस्तीने मानाचे झाले, हा धडा आपण घ्यावयाचा आहे.

फायदे आणि मर्यादा

मालिशने आखडलेले स्नायू सैल होतात, त्या जागी रक्ताभिसरण वाढते, मन शांत होते, झोप चांगली लागते. पाठदुखी व मानदुखीत काही काळ आराम पडतो. तो टिकण्यासाठी व्यायामाची जोड लागते. कुष्ठरोगामुळे बधिर झालेले हात पाण्यात भिजवून, तेल लावून चोळले आणि बोटांचा व्यायाम केला तर कातडी मऊ राहते व बोटे आखडत नाहीत.

परंतु मालिशने प्रत्येक रोग बरा होतो, असे सांगणारा फसवितो. ताप, उघडी जखम, त्वचेचा संसर्ग किंवा मोडलेले हाड असता मालिश करू नये. एका पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली व दुखू लागली, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळल्यास गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याचा व जीव जाण्याचा धोका असतो. अशा वेळी रुग्णाला तत्काळ डॉक्टरांकडे पाठवावे. गरोदर स्त्री, कर्करोगाचा रुग्ण यांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हात लावू नये. बाळाच्या नाका-कानात तेल ओतू नये.

हे काम कसे शिकावे?

बारावी विज्ञान झालेल्यांना नीट परीक्षा देऊन फिजिओथेरपीची पदवी घेता येते. कराडच्या कृष्णा विद्यापीठात तिचे महाविद्यालय आहे. ज्यांना एवढे शिकणे शक्य नाही, त्यांनी पंचकर्म सहायक किंवा मालिशचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम निवडावा. पैसे भरण्यापूर्वी मान्यतेचे कागद पाहावेत. हाडे, सांधे, स्नायू यांची माहिती पाठ हवी. तळहाताने लांब हात फिरविणे, कणकेसारखे मळणे, अंगठ्याने दाब देणे, ओंजळीने थापटणे हे प्रकार गुरूच्या देखरेखीखाली शिकावेत.

नखे कापलेली, हात स्वच्छ व कोमट असावेत. आधी आजार विचारावा, परवानगी घ्यावी, ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा ठेवून बाकी अंग चादरीने झाकावे. दुखले म्हणताच थांबावे. रुग्णाची गोष्ट बाहेर बोलू नये.

ज्या समाजाला एके काळी स्पर्श नाकारला गेला, त्याच्या मुलामुलींनी स्पर्शाचे शास्त्र शिकून दुखणाऱ्या कोणत्याही माणसाला हात द्यावा, यापरते मोठे उत्तर आम्हांस दिसत नाही. आपल्या वस्तीत वर्षानुवर्षे बाळंतिणींना न्हाऊमाखू घालणाऱ्या आजी-मावशी असतील, तर विद्यार्थ्यांनी प्रथम त्यांच्याजवळ बसावे. त्यांच्या हातातील अनुभवाला पुस्तकातील ज्ञानाची जोड द्यावी आणि त्यांच्या कामाचे योग्य मोल त्यांना मिळवून द्यावे.