मन खचले असता मुळी घ्यावी की गोळी?



तंबाखूचा दर पडतो, उसाचे बिल लांबते, सोसायटीच्या कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही. अशा दिवसांत एखाद्या घरचा कर्ता माणूस हळूहळू बोलेनासा होतो. रात्री कूस बदलत पडतो, पहाटे तीनलाच जागा होतो, जेवणावरून उठून जातो. घरचे म्हणतात, "अशक्तपणा आला असेल." मग बाजाराच्या दिवशी कोणी मुळीची पुडी आणून देतो, कोणी औषधाच्या दुकानातून ताकदीच्या गोळ्या. असे दोन-तीन महिने निघून जातात. पैसे खर्च होतात आणि दुखणे जिथल्या तिथे राहते.

मुळी वाईट आणि गोळी चांगली, किंवा त्याच्या उलट, असे सांगण्यासाठी हा पाठ नाही. कोणत्या दुखण्यावर काय उपयोगी पडते, कशाने अपाय होतो आणि कोणत्या वेळी घरगुती उपायात एक दिवसही घालवू नये, एवढे प्रत्येक घराला ठाऊक असावे.

१. दुखणे ओळखावे कसे?

दुःख सर्वांनाच होते. पीक बुडाले, जवळचे माणूस गेले, तर मन उदास होणारच. परंतु उदासी किंवा सतत काळजी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच मन रमेनासे झाले, झोप व भूक बिघडली, नेहमीचे काम होईनासे झाले, तर ते आजाराचे लक्षण समजावे. पुष्कळ माणसे 'मन उदास आहे' असे म्हणत नाहीत. डोके जड आहे, अंग दुखते, छातीत धडधडते, जीव घाबरतो, असे सांगतात.

हा आळस नव्हे. श्रद्धा कमी पडली असेही नव्हे. हिवतापाच्या रोग्याला आपण दोष देत नाही, तसाच यालाही देऊ नये.

२. आधी शरीराची तपासणी

काही शारीरिक दुखणी मनाच्या आजारासारखीच दिसतात. रक्त कमी असले की थकवा येतो व धडधड होते. गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले की माणूस सुस्त व उदास होतो; ते वाढले की हात कापतात, घाबरल्यासारखे होते. ब-१२ जीवनसत्त्व कमी झाले की हातापायांना मुंग्या येतात, विसर पडतो, मन उदास राहते.

निपाणी भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दवाने किंवा पावसाने ओल्या झालेल्या तंबाखूच्या पानांत काम करताना पानातील निकोटीन कातडीतून अंगात शिरते. त्याने मळमळ, ओकारी, चक्कर, घाम व अशक्तपणा येतो. सहसा एक-दोन दिवसांत हे उतरते. ही काळजीची बाधा नव्हे आणि बाहेरची बाधा तर मुळीच नव्हे. पाने वाळल्यावर काम करावे, पूर्ण बाह्यांचे कपडे व हातमोजे घालावेत, भिजलेले कपडे लगेच बदलावेत आणि साबणाने अंग धुवावे.

म्हणून पहिले पाऊल म्हणजे सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त, साखर व थायरॉईड तपासून घेणे.

३. जीवनसत्त्वांच्या गोळ्या

नियम सोपा आहे. जमिनीत पालाश कमी असेल तर पालाश द्यावे. कमी नसताना दिले तर पैसा वाया जातो. शरीराचेही तसेच आहे. तपासणीत कमतरता निघाली तर गोळी किंवा इंजेक्शन जरूर घ्यावे, गुण येतो. कमतरता नसेल तर उदासीवर तिचा फारसा उपयोग नाही.

याची मोठी परीक्षा अमेरिकेत झाली. पन्नाशीच्या पुढील १८,३५३ माणसांपैकी निम्म्यांना सुमारे पाच वर्षे रोज ड जीवनसत्त्व दिले व निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली. त्याचा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. उदासीच्या आजाराचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच राहिले.

ब-१२ दूध, दही, अंडी, मासळी व मांस यांतून मिळते. ज्यांच्या ताटात हे पदार्थ क्वचितच असतात, जे वयस्क आहेत, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेत आहेत, त्यांनी ते तपासून घ्यावे.

जास्त घेतल्यानेही अपाय होतो. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटांची पुडी किंवा गोळी सहसा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. ब-६ मोठ्या प्रमाणात फार दिवस घेतल्यास नसा बधिर होतात. डॉक्टरांनी सांगितलेला दिवस व मात्रा कागदावर लिहून भिंतीला लावावी.

४. झाडपाल्याची औषधे

सर्पगंधा. सह्याद्रीच्या रानात उगवणाऱ्या या झुडपाची मुळी वेड व निद्रानाश यांवर पूर्वीपासून देत आले आहेत. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तिचा रक्तदाबावरील गुण मांडला आणि या मुळीचे नाव जगभर झाले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढले गेले. पुढे ते घेणाऱ्या काही रोग्यांना खोल उदासी आल्याचे डॉक्टरांनी नोंदले. हा संबंध किती पक्का, यावर नंतर वाद झाला. तरी ज्याला उदासीचा आजार आहे किंवा पूर्वी होता, त्याला रेसरपीन देऊ नये हा इशारा कायम आहे. म्हणजे डोके शांत व्हावे म्हणून आणलेली मुळी खचलेल्या मनाला आणखी खाली ओढू शकते. तिने रक्तदाब व नाडीही उतरते. ही मुळी स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नये.

अश्वगंधा. हिला आपल्याकडे आस्कंद म्हणतात. ताणतणाव व झोपेवर काही अंशी उपयोग होतो असे लहान प्रयोगांत दिसले आहे. परंतु काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. गरोदर स्त्रिया, थायरॉईडचे व यकृताचे रोगी यांनी ती टाळावी. घेताना डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद होऊ लागली तर लगेच बंद करून डॉक्टरांकडे जावे.

ब्राह्मी. या एकाच नावाने दोन निराळ्या वनस्पती विकल्या जातात. एक पाणथळ जागेची नीरब्राह्मी, दुसरी गोल पानांची मंडूकपर्णी, जिला कानडीत ओंदेलग म्हणतात. पानांची चटणी खाण्यास हरकत नाही. परंतु ब्राह्मीचे प्रयोग मुख्यतः स्मरणशक्तीवर झाले आहेत. उदासीच्या आजारावर तिच्यावर विसंबू नये.

संत योहानाची वनस्पती. पिवळ्या फुलांचे हे झुडूप युरोपात २४ जूनच्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या सणाला फुलते, म्हणून हे नाव पडले. तिच्या गोळ्या परदेशातील नातेवाईक पाठवतात. सौम्य व मध्यम उदासीवर तिचा गुण प्रयोगांत दिसला आहे, हे खरे. परंतु ती इतर औषधांचा जोर कमी करते. रक्त पातळ करणारी औषधे, एच.आय.व्ही.ची औषधे व गर्भनिरोधक गोळ्या तिच्यामुळे निकामी ठरू शकतात. डॉक्टरांनी दिलेल्या उदासीच्या गोळीबरोबर ती घेणे तर धोक्याचे आहे. पवित्र नाव आहे म्हणून औषध निर्धोक ठरत नाही.

नाव नसलेल्या पुड्या. २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. ज्या पुडीवर नाव, घटक, बनवणाऱ्याचा पत्ता व परवाना क्रमांक नाही, ती घेऊ नये. आयुर्वेदिक औषध घ्यायचेच असेल तर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्याकडून घ्यावे, आणि वैद्य व डॉक्टर दोघांनाही दुसऱ्याचे औषध दाखवावे.

झोप येण्यासाठी दारू हा तर उपायच नव्हे. ती पहिली झोप देते व पहाटेची झोप मोडते, आणि उदासी वाढवते.

५. शेजारच्या गोव्यातील अनुभव

मग उपयोगी काय पडते? चोर्ला घाट उतरला की गोवा. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' या संस्थेने एक प्रयोग केला. मोठ्या पदव्या नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांनी बऱ्याच तीव्र उदासीच्या रोग्यांशी सहा ते आठ वेळा बसून बोलणे केले. रोग्याने काय टाळले आहे ते पाहायचे, आणि रोज एक लहान काम ठरवून ते करवून घ्यायचे, ही मुख्य रीत होती. तीन महिन्यांनी असे साहाय्य मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांची उदासी ओसरली होती. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. हा निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात छापला गेला.

ऐकून घेणे व कामाला हात लावणे, हे औषध कोणत्याही पुडीत मिळत नाही. आजार जास्त असेल तर डॉक्टरांची गोळीही लागते. तिचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून ती एकदम बंद करू नये.

६. घरी काय करावे?

(१) खचलेल्या माणसाला उपदेश करू नये. शेजारी बसावे, बोलू द्यावे.

(२) रोज एक लहान काम त्याच्याबरोबर करावे: गोठा झाडणे, बांधावरून फेरी मारणे, ओळखीच्या घरी जाऊन येणे.

(३) "जगण्यात अर्थ नाही" असे कोणी बोलला तर ते हसण्यावारी नेऊ नये. "मरणाचे विचार येतात काय?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट मन मोकळे होते. अशा माणसाला एकटे सोडू नये.

(४) फवारणीची औषधे माळ्यावर किंवा पलंगाखाली ठेवू नयेत. पेटीत कुलूप लावून ठेवावीत. किल्ली दुसऱ्याकडे असावी. घरात कोणी खचलेले असेल तर डबे शेजाऱ्याकडे नेऊन ठेवावेत. श्रीलंकेने अति विषारी कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण दोन-तृतीयांशाहून अधिक उतरले. मरणाची लहर पुष्कळदा थोड्या वेळाची असते. त्या वेळी विष हाताशी नसले की जीव वाचतो.

(५) कोणी विष घेतलेच तर ओकारी काढण्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करून रुग्णालयात न्यावे. औषधाचा डबा बरोबर न्यावा. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षा नव्हे, उपचार मिळावा, ही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याची भूमिका आहे. म्हणून पोलिसांच्या भीतीने कोणी थांबू नये.

(६) सल्ल्यासाठी १४४१६ हा 'टेली-मानस'चा सरकारी क्रमांक रात्रंदिवस व मोफत आहे. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात ते विचारून घ्यावे. मोठ्या उपचारांसाठी धारवाडची 'डिमहान्स' ही सरकारी संस्था आपल्याला जवळची आहे.

घरी बोलण्यासाठी प्रश्न

१. आपल्या घरात सध्या कोण कमी बोलत आहे? त्याच्याजवळ शेवटचे कोण, किती वेळ बसले?

२. घरात कोणकोणत्या पुड्या व गोळ्या चालू आहेत? त्या सर्व एकदा डॉक्टरांना दाखवल्या आहेत काय?

३. फवारणीचे औषध आज रात्री कोठे आहे, आणि किल्ली कोणाकडे आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आज झोपण्यापूर्वी द्यावे. बाकीच्या दोहोंसाठी उद्याचा दिवस आहे.