कंदाचा डोळा

पुण्यात डेलिया म्हणजे थंडीचं फूल. पावसाळा सरला की आई नर्सरीतून रोपं आणायची, गच्चीवरच्या कुंड्यांत लावायची आणि रोज सकाळी न चुकता पाणी घालायची. डिसेंबर-जानेवारीत ताटलीएवढी फुलं यायची. एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात मांडलेली फुलं बघून ती म्हणायची, “आपली काही यापेक्षा कमी नाहीत.” मी तिच्या हाताखाली शिकले. त्यामुळे न्यू जर्सीत घरामागे जमिनीचा तुकडा मिळाला तेव्हा डेलिया आपल्याला येतोच, असं धरून चालले. त्या समजुतीपायी पहिल्या वर्षी लावलेल्या बारा कंदांपैकी एकही पुढच्या वसंतापर्यंत वाचला नाही.

पहिली चूक कंद मागवतानाच झाली. चित्रात जी फुलं सगळ्यांत मोठी दिसली तीच मी निवडली. पिवळंधमक ‘केल्विन फ्लडलाइट’, गडद जांभळं ‘थॉमस एडिसन’, आणि सायीसारखा रंग असलेलं, लग्नाच्या गुच्छांत हमखास दिसणारं ‘कॅफे ओ ले’. ही फुलं कशासाठी हवीत, हा प्रश्न मनात आलाच नाही.

दुसरी चूक घाईची. एप्रिलच्या मध्यावर चार दिवस छान ऊन पडलं आणि मी कंद लावून टाकले. वर आईची सवय म्हणून रोज पाणी. हवा उबदार झाली होती, पण वीतभर खाली माती अजून गार होती. गार आणि ओल्या मातीत न फुटलेला कंद कुजतो. त्याला पानं नाहीत, मुळं नाहीत. घातलेलं पाणी तो वापरणार कसा? महिना गेला तरी कोंब दिसेनात म्हणून उकरलं, तर सात कंद बोटांखाली लिबलिबले.

उरलेल्या पाचांना मी हिरवळीसाठी आणलेलं खत घातलं. त्यात नत्र जास्त. झाडं कमरेच्या वर गेली, पानं हिरवीगार, पण कळ्या मोजक्याच. काठ्याही आधी रोवल्या नव्हत्या. ऑगस्टच्या एका वादळी रात्री दोन झाडं बुंध्याशी मोडली. मग घाईघाईत काठ्या ठोकल्या, त्यातली एक थेट कंदातून आरपार गेली.

आणि मग गणपती आले. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा इकडे डेलियाचा ऐन बहर, म्हणजे बाप्पापुढे घरची फुलं ठेवण्याचा योग देवानेच जुळवून आणलेला. आदल्या संध्याकाळी मी ‘कॅफे ओ ले’च्या टपोऱ्या कळ्या कापून पाण्यात ठेवल्या, गुलाबासारख्या सकाळपर्यंत उमलतील, असं वाटलं होतं. डेलियाची मिटलेली कळी फुलदाणीत उमलत नाही. सकाळी त्या तशाच मिटलेल्या होत्या, आणि उमललेली दोन फुलं नेताना बोटं लागून कडांना तपकिरी झाली होती. त्या वर्षी मखर दुकानातल्या फुलांनी सजलं, याची खंत मला अजून आहे.

शेवटचा घाव माझ्याच हातचा. ऑक्टोबरअखेर पाणी गोठवणारी थंडी पडली आणि एका रात्रीत झाडं काळी झाली. कंद काढले, ओले असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधले आणि गॅरेजमध्ये ठेवले. जानेवारीत गॅरेजमधलं पाणीही गोठतं. मार्चमध्ये पिशवी उघडली तेव्हा आत काळा चिखल होता.

त्यानंतर शेजारच्या आजींनी मला हाताशी धरलं. त्यांनी पुढे केलेला कंद वाळक्या रताळ्यासारखा दिसत होता. “फुलाचं चित्र नंतर बघ. आधी याचा डोळा कुठे आहे ते दाखव,” त्या म्हणाल्या. कंदाच्या मानेशी, जिथे तो जुन्या खोडाला चिकटलेला असतो, तिथे एक बारीकसा उंचवटा असतो. कोंब तिथूनच फुटतो. डोळा नसलेला कंद कितीही जाडजूड असला तरी त्यातून झाड येत नाही. आपले डोळे फुलावर खिळतात आणि कंदाचा डोळा राहून जातो, हे तेव्हा मला कळलं.

तेव्हापासून मी जात कामावरून निवडते. फुलदाणीसाठी आणि पूजेसाठी मला चेंडूच्या आकाराची फुलं सर्वांत भरवशाची वाटतात. त्यांच्या पाकळ्या घट्ट वळलेल्या असतात, हाताळलेलं सोसतात. गडद लाल ‘कॉर्नेल’ आणि केशरी-गुलाबी ‘जोवी विनी’ यांचे दांडे लांब आणि ताठ असतात. हॉलंडमधली ‘कर्मा’ मालिका तर कापून विकायच्या फुलांसाठीच तयार केलेली आहे. बागेत शोभेसाठी लाल फुलांचा आणि काळपट पानांचा ‘बिशप ऑफ लॅन्डॅफ’ लावा. 1924 सालची, वेल्समधल्या कार्डिफची ही जात आजही मागे पडलेली नाही. तिचं मधलं केसरचक्र उघडं असल्याने मधमाश्या येतात. जुन्या जातींची आवड असेल तर 1923 सालची गुलाबी ‘जर्सीज् ब्यूटी’ आणि 1929 सालची ‘थॉमस एडिसन’ जरूर लावा. ‘कॅफे ओ ले’ आजही माझ्याकडे आहे, पण एकच झाड. त्याचं फूल मी पूर्ण उमलल्यावरच कापते आणि त्याच दिवशी वापरते.

लावणीचं म्हणाल, तर माती 15-16 अंश सेल्सियस झाल्याशिवाय कंद जमिनीत घालू नका. आमच्याकडे ती वेळ मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येते. आधी काठी रोवा, मग तिच्याशेजारी चार ते सहा इंच खोल कंद आडवा ठेवा. माती अगदीच कोरडी नसेल तर कोंब वर येईपर्यंत पाणी देऊ नका. झाड फूटभर झालं, पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडा. जीव हळहळतो, पण बाजूच्या फांद्या फुटतात आणि फुलं कितीतरी वाढतात. जुलैच्या उकाड्यात झाड रेंगाळलं तर घाबरू नका. रात्री गार होऊ लागल्या की सप्टेंबरमध्ये ते भरभरून फुलतं.

फुलं भल्या सकाळी कापा, तीन-चतुर्थांश उमलल्यावर. मागच्या पाकळ्या टवटवीत आहेत ना, ते पाहा. दांडे कढत पाण्यात उभे करून ते पाणी निवेपर्यंत तासभर राहू द्या, मग गार पाण्यात ठेवा. फुलं चार-पाच दिवस टिकतात. सुकलेली फुलं झाडावर ठेवू नका. कळी गोल असते, सुकलेलं फूल टोकदार दिसतं. या खुणेने चूक होत नाही.

शरदात दिवस लहान होऊ लागले की झाड कंदांत अन्न साठवतं, म्हणून कंद काढायची घाई करू नका. थंडीने झाड काळं पडल्यावर दांडे कापून आठवडाभर थांबा, मग काट्याने लांबून उकरा. धुवा, सावलीत सुकवा आणि लाकडाच्या कोरड्या भुशात, 4 ते 10 अंशांच्या जागी ठेवा. महिन्यातून एकदा उघडून बघा आणि कुजका कंद लगेच काढून टाका. पानांवर पिवळट चट्टे पडून झाड खुरटलं असेल तर तो विषाणू असू शकतो. असं झाड कितीही लाडकं असलं तरी त्याचा कंद ठेवू नका. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्री निर्जंतुक करा.

महाराष्ट्रातल्या वाचकांचं वेळापत्रक वेगळं. तिथे पाऊस ओसरल्यावर लावायचं आणि थंडीत फुलवायचं. पण पाणी साचू न देणं, शेंडा खुडणं आणि कामाची जात निवडणं हे तिथेही तसंच लागू आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, बारा कंद मागवू नका, तीन मागवा. एक पूजेसाठी, एक मधमाश्यांसाठी आणि एक आपल्या हौसेसाठी. एका कंदाचे शरदापर्यंत चार-पाच होतात. प्रत्येकावर जातीच्या नावाची चिठ्ठी बांधा, डोळा तपासा आणि त्यातला एक शेजाऱ्याला द्या. माझ्या बागेतलं ‘कॉर्नेल’ आजींनी दिलेल्या त्या कंदापासूनच वाढलं आहे, आणि दर वर्षी बाप्पापुढे पहिलं फूल त्याचंच असतं.