शून्य ते शंभर: आकड्यावर किती विसंबावं?

प्रश्न : मासिकातल्या शून्य ते शंभर किमी वेगाच्या तुलनेत पहिली आलेली गाडीच घ्यावी का? – एक वाचक, मंद्रूप (जि. सोलापूर)

उत्तर : नुसत्या त्या आकड्यावर घेऊ नका. चाचणीची गाडी बहुतेक वेळा कंपनीच पुरवते. दोन गाड्या वेगवेगळ्या दिवशी पळवल्या तर हवाही बदलते. तापलेली हवा विरळ असते आणि इंजिन त्यात मंदावतं. काही अमेरिकी मासिकं तर गाडी फूटभर सरकल्यावर घड्याळ सुरू करतात, तिथेच सुमारे 0.3 सेकंद वाचतात! आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, एसी बंद करता येत नाही, गाडीत पाच माणसं असतात. विजयपूर रस्त्यावर ट्रक ओलांडताना गाडी 60 वरून 100 चा वेग किती लवकर गाठते, हे महत्त्वाचं. घरच्यांना बसवून, एसी लावून गाडी स्वतः चालवून बघा, मगच बुकिंग करा.