एसएटीच्या गणितात कमी पडले तर
(नव्याने अमेरिकेत आलेल्या पालकांसाठी, इथे मुलांचे प्रवेश पार पाडलेल्या घरांकडून)

सीईटी-जेईईच्या मेरिट लिस्टवर वाढलेल्या आपल्याला वाटतं, मार्क गेले म्हणजे प्रवेश गेला. इथे तसं नसतं. पण गणितातली कसर तबल्याच्या परीक्षांनी किंवा ढोल-ताशा पथकाने भरून निघते, हाही गैरसमजच. गणिताच्या शंकेला उत्तर गणितानेच द्यावं लागतं.

कमी म्हणजे किती? ८०० पैकी ६४० हे एका कॉलेजात उत्तम, दुसऱ्यात तोकडे. बहुतेक कॉलेजं ‘कॉमन डेटा सेट’ प्रसिद्ध करतात. त्यात ‘सी-९’ खाली गुण पाठवून प्रवेश घेतलेल्या मधल्या निम्म्या मुलांचा पट्टा दिसतो. त्याच्याशी ताडून बघा, शेजारच्या मुलाशी नको. इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्स हवं असेल, तर गणिताकडे जास्त बारकाईने बघतात हे धरून चाला.

पुन्हा परीक्षा. बरीच कॉलेजं ‘सुपरस्कोअर’ करतात: वेगवेगळ्या तारखांचे प्रत्येक विभागातले सर्वोत्तम गुण जोडतात. मग दुसऱ्या वेळी सगळा जोर गणितावर लावता येतो. डिजिटल एसएटीत गणिताचे दोन भाग, ३५-३५ मिनिटांचे; पहिला कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. म्हणून पहिल्या भागात घाई नको. डेसमॉस कॅल्क्युलेटर परीक्षेतच असतो. तोंडी हिशोबाच्या सवयीची आपली मुलं तो उघडतच नाहीत. आलेख काढून उत्तर शोधायचा सराव करून घ्या. खान अकादमीचा सराव फुकट आहे.

वर्गातला पुरावा. सर्वात वजनदार हाच. अकरावीत एपी (शाळेतच घेता येणारे कॉलेज-पातळीचे कोर्स) कॅल्क्युलस किंवा एपी स्टॅटिस्टिक्स घेऊन मे महिन्याच्या परीक्षेत ४ किंवा ५ मिळाले, तर निकाल जुलैत, म्हणजे अर्जाच्या आधी हातात येतो. बारावीत दिलेल्या एपीचा निकाल प्रवेश ठरल्यावर लागतो. शाळेत एपी नसेल तर कम्युनिटी कॉलेजात गणिताचा कोर्स करता येतो. मात्र तिथली ग्रेड कायम रेकॉर्डवर राहते, झेपेल तेवढंच घ्या. बारावीत गणित सोडू नका. शिफारसपत्र गणिताच्या शिक्षकांकडून घेता आलं तर उत्तम.

पाठवायचे की नाही? यूसी आणि कॅल स्टेट या कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सरकारी विद्यापीठांत प्रवेश देताना एसएटी बघतच नाहीत. ‘टेस्ट-ऑप्शनल’ कॉलेजात गुण न पाठवण्याची मुभा असते. पण इंग्रजीचे पाठवले आणि गणिताचे झाकले, असं चालत नाही. त्या तारखेचे दोन्ही विभाग जातात. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. त्यानंतर हार्वर्ड, डार्टमथ, ब्राऊन यांनीही. नियम दरवर्षी कॉलेजच्या साइटवरच तपासा.

निबंधात रडगाणं नको. मुख्य निबंध गुणांच्या खुलाशावर खर्च करू नका. वर्षाच्या मध्येच देश बदलला, अभ्यासक्रम बदलला, असं खरं कारण असेल तर ‘अतिरिक्त माहिती’त दोन-तीन वाक्यं पुरतात. शाळेच्या काउन्सेलरलाही ते सांगून ठेवा. त्यांच्या पत्रात आलं तर जास्त वजन पडतं.

यादी. अनेक ठिकाणी लवकरच्या अर्जाची मुदत १ नोव्हेंबर असते. ऑगस्टमध्येच कॉलेजांच्या तीन याद्या करा: गुण पाठवायचे, न पाठवायचे, बघतच नाहीत. तिसरी यादी रिकामी ठेवू नका.