शिक्षेवरही बोल



तुझा फोन झाल्यापासून तो मुलगा डोक्यातून जात नाही. बांधावरून भांडण, रागाच्या भरात काठी, समोरच्याचं डोकं फुटलं आणि भादंवि कलम ३२४ खाली सहा महिने कैद. वय वीस, आधीचा एकही गुन्हा नाही. तो जामिनावर होता आणि शिक्षा तीन वर्षांच्या आतली, म्हणून त्याच कोर्टाकडून शिक्षेला स्थगिती घेतलीस, हे उत्तम केलंस. सेशन्स कोर्टात अपिलाला ३० दिवस आहेत.

अपिलाच्या मेमोत पानंच्या पानं साक्षीतल्या विसंगतींवर खर्च करून शेवटी ‘शिक्षा कमी करावी’ एवढी एकच ओळ टाकू नकोस. १९५८च्या परिवीक्षा कायद्याचं कलम ६ नीट वाच. एकवीस वर्षांखालच्या मुलाला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, तुरुंगात धाडण्याआधी कोर्टानं परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो आणि कैद दिलीच तर कारणं लिहायची असतात. वय धरायचं ते गुन्ह्याच्या नव्हे, निकालाच्या दिवशीचं. रामजी मिसर प्रकरणात सुप्रीम कोर्टानं ते ठरवून दिलं आहे. तुझ्या निकालपत्रात यातलं काहीच नाही. तिथेच बोट ठेव. कलम ११ प्रमाणे अपील कोर्टही त्याला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं.

मुलाचे वडील म्हणतील, ‘असं मागितलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल.’ होत नाही. निर्दोष सुटकेची मागणी पहिली, ही पर्यायी. मात्र खोटी आशा दाखवू नकोस. दोषसिद्धी पुसली जात नाही. कलम १२ मुळे तिच्यापायी येणारी अपात्रता तेवढी टळते. न्यायसंहितेतली सामुदायिक सेवेची शिक्षा इथे नाहीच. ती किरकोळ चोरी, दारू पिऊन धिंगाणा अशा मोजक्या गुन्ह्यांपुरती आहे.

परिवीक्षा अधिकारी घरी येतील, शेजाऱ्यांकडेही चौकशी करतील. मुलगा कधीमधी पितो हे लपवू नका, असं त्याच्या आईला आधीच सांग. शेजारी सांगणारच, आणि मग घरच्यांच्या खऱ्या बोलण्यावरही विश्वास बसत नाही. शाळेचा दाखला आणि तो काम करतो त्या गॅरेजमालकाचं पत्र तयार ठेव.

आणि जखमी माणसाला विसरू नकोस. परिवीक्षा कायद्याच्या कलम ५ खाली कोर्ट त्याला भरपाई द्यायला लावू शकतं; दवाखान्याचा खर्च देण्याची तयारी आपणहून दाखवा. मुलाच्या कैदेतून त्याच्या हाती काय पडणार?

मसुदा रविवारपर्यंत पाठव. शिक्षेचा मुद्दा स्वतंत्र मथळ्याखाली असू दे.

तुझा,
मामा