मऊ अंडं आणि मचूळ पाणी

गुहागर,
२२ एप्रिल

चि. मेधास,


तुझा फोटो पाहिला. तळहातावर ते बिनकवचाचं अंडं, पाणी भरलेल्या फुग्यासारखं. खाली तुझा प्रश्न : "आत्या, कॅल्शियमचं कोणतं औषध आणू?" तूर्त कोणतंच आणू नकोस. हे फोनवर धड सांगून होणार नाही, म्हणून लिहायला बसले.

चौदा कोंबड्यांतली नेमकी कोण मऊ अंडं घालते, ते आधी शोध. दोन दिवस सकाळी खुराड्यापाशी बस, कळेल. एकटीचंच असेल तर तिचं वय बघ. नवी तलंग पहिली दोन-चार अंडी अशी घालते, मग तिची ती सुधारते. दोन-तीन वर्षांच्या जुन्या कोंबडीचं अंडं मोठं होत जातं, पण कवचाचा माल तेवढाच. तो मोठ्या अंड्यावर पातळ पसरतो. तिला औषध नाही. तिची अंडी घरात खायला ठेवावीत, विकायला काढू नयेत. सगळ्यांचीच कवचं पातळ झाली असतील, तर मात्र चूक तुझ्या भांड्यांत आहे.

खाद्याचं गणित सोपं आहे. एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. खाल्लेल्यातलं निम्मंच अंगी लागतं, म्हणून अंड्याच्या दिवशी कोंबडीच्या पोटात ४ ग्रॅम जायला हवं. लेयर मॅशमध्ये ते साडेतीन ते चार टक्के असतं, आणि कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते. म्हणजे नुसतं लेयर खाद्य घातलंस तर हिशेब जुळतो. पण तू निम्मी तांदळाची कणी मिसळतेस, असं दादा म्हणाला. कणीत कॅल्शियम जवळजवळ नाहीच, त्यामुळे निम्मं तिथेच गेलं. ब्रॉयलरचं खाद्य स्वस्त पडतं म्हणून आणलंस तर त्यात जेमतेम एक टक्का. आपली गावठी कोंबडी कणी-कोंड्यावर छान कवच घालायची खरी, पण ती वर्षाला पन्नास-साठ अंडी घालून मध्ये खुडूक बसायची, तेवढी तिला उसंत मिळायची. तुझ्या गिरीराज आणि ग्रामप्रियाला ती उसंत नाही.

आता वेळेचं. कवच चढायला अठरा-वीस तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री होतं, कोंबडी दांडीवर झोपलेली असताना. पहाटेपर्यंत पोट रिकामं होतं, मग ती स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते. म्हणून शिंपल्याचा चुरा संध्याकाळी चारच्या सुमारास ठेवावा, आणि तोही पिठासारखा बारीक नको. ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे पोटातल्या दगडीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पिशवीत, अडकून रात्रभर सावकाश विरघळतात. खाद्यात मिसळू नकोस, वेगळ्या वाटीत ठेव. जिला हवं ती खाईल. पिल्लांना मात्र जादा कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधतं, त्यांच्यापासून वाटी दूर. अंड्याची टरफलं घालणार असशील तर तव्यावर भाजून, ओळखू येणार नाहीत इतकी कुस्करून घाल. अख्खी टाकलीस तर कोंबड्या अंडी फोडून खायला शिकतात, आणि ती खोड सुटत नाही.

शेजारच्या काकू चुन्याची निवळी पाजायला सांगतील. सगळ्याच सांगतात, मीही पाजलीय. पण लिटरभर पाण्यात चुना दोन ग्रॅमसुद्धा विरघळत नाही. पाव लिटर पाणी पिणाऱ्या कोंबडीला त्यातून मिळणार किती? ढवळून पांढरं पाणी पाजलंस तर घसा भाजेल, ते वेगळंच.

माझी खरी फजिती मात्र पाण्यानंच केली. खाडीकाठची आमची विहीर वैशाखात मचूळ होते. एका वर्षी सगळ्या कोंबड्यांची कवचं कागदासारखी झाली. मी खाद्य बदललं, शिंपले दुप्पट केले, औषधाच्या बाटल्या आणल्या, पैसे घालवले. पाणी स्वतः चाखून बघायचं महिनाभर सुचलं नाही, कारण आम्ही प्यायला नळाचं घेत होतो आणि कोंबड्यांना विहिरीचं घालत होतो! खारं पाणी कवच घडवणाऱ्या जागेचंच काम बिघडवतं. वरून कितीही कॅल्शियम ओतलं तरी फरक पडत नाही. पाणी बदलल्यावर बऱ्याच सावरल्या, दोघी-तिघींची कवचं शेवटपर्यंत धड झाली नाहीत. तुमच्या वाईला खाडी नाही, पण बोअरचं पाणी असेल तर एकदा चाखून बघ.

शिवाय दिवस उन्हाळ्याचे आहेत. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकते. धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवच तर कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे अर्धा कच्चा मालच हवेत गेला. त्यात उन्हानं ती खातेही कमी. खाद्य पहाटे आणि उतरत्या उन्हाला घाल, पाणी सावलीत ठेवून दुपारी बदल.

अंड्याला मधोमध कमरपट्ट्यासारखी कड दिसली तर रात्री खुराड्याशी मुंगूस किंवा कुत्रं येतंय का बघ. घाबरलेल्या कोंबडीच्या पोटात अर्धवट कवच तडकतं आणि ते पुन्हा सांधलं जातं. पण कवचं सुरकुतलेली, पांढरा बलक पाण्यासारखा, अंडी एकदम निम्म्यावर आणि कोंबड्या घरघरतायत, असं असेल तर माझं पत्र बाजूला ठेव आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठ. मानमोडीची लस दिली होतीस ना? त्याचं उत्तर आधी दे.

एक परीक्षा सांगते. लिटरभर पाण्यात सव्वाशे ग्रॅम मीठ विरघळव आणि त्याच दिवशीची अंडी त्यात सोड. चांगल्या कवचाचं बुडतं, पातळ कवचाचं तरंगतं. शिळं अंडं घेऊ नकोस, आतली हवा वाढल्यानं तेही तरंगेल. आठवड्यातून एकदा करून वहीत मांडत जा, म्हणजे बदल केल्याचा उपयोग झाला की नाही ते कळेल. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल.

उद्याच्या एसटीनं तिसऱ्यांच्या शिंपल्यांची गोणी पाठवते आहे. दोनदा धुऊन कडक उन्हात वाळव आणि मगच कूट. वास राहिला तर गावातली कुत्री तुझ्या दारात येतील.

तुझी,
आत्या